ग्रीक अक्षरांचीं मंडळें आणि संगतीची निवड

शिक्षणासाठीं घर सोडून दूर गेलेल्या मुलाला पहिल्या कांहीं महिन्यांत जी संगत लाभते तिचा ठसा त्याच्या पुढील आयुष्यावर राहतो, हें सर्व देशांतील आईबाप जाणून असतात. ढवळ्याशेजारीं पवळ्या बांधला, वाण नाहीं पण गुण लागला, ही मराठी म्हण याच अनुभवांतून निघाली आहे. अमेरिकेंतील महाविद्यालयांत मात्र ही संगत केवळ योगायोगावर सोडलेली नसते. तेथें तिला नांव असतें, घर असतें, घटना असते, वर्गणी असते, शपथ असते आणि छातीवर लावावयाचा बिल्लाहि असतो. विद्यार्थ्यांच्या अशा मंडळाला 'फ्रॅटर्निटी' व विद्यार्थिनींच्या मंडळाला 'सोरोरिटी' म्हणतात. लॅटिन भाषेंत 'फ्राटेर' म्हणजे भाऊ व 'सोरोर' म्हणजे बहीण. संस्कृतांतील 'भ्रातृ' आणि 'स्वसृ' या शब्दांशीं त्यांचें नातें अगदीं जवळचें आहे. मराठींत त्यांना बंधुमंडळ व भगिनीमंडळ म्हणतां येईल. बहुतेक मंडळांचीं नांवें दोन किंवा तीन ग्रीक अक्षरांचीं असतात, आणि तीं अक्षरें पुष्कळदां एखाद्या गुप्त ब्रीदवाक्यांतील शब्दांचीं आद्याक्षरें असतात.

आज अनेक मराठी घरांतील मुलें शिक्षणासाठीं अमेरिकेंत जातात, आणि तेथेंच जन्मून वाढलेलीं मराठी मुलेंहि थोडीं नाहींत. महाविद्यालयांत पाऊल टाकतांच त्यांच्यापुढें प्रश्न उभा राहतो : अशा मंडळांत जावें कीं जाऊं नये, आणि जावयाचें तर कोणत्या? हा निर्णय लहान नव्हे. मोठ्या भगिनीमंडळांच्या संयुक्त परिषदेचा नियम असा आहे कीं, एकदां विधिपूर्वक दीक्षा घेतलेली विद्यार्थिनी त्या परिषदेंतील दुसऱ्या कोणत्याहि मंडळाची सभासद होऊं शकत नाहीं. म्हणजे अठराव्या वर्षीं, आठवड्याभराच्या गडबडींत केलेली निवड या बाबतींत जन्मभराची ठरते. ती कोणत्या कारणासाठीं करावी याचें उत्तर या मंडळांच्या अडीचशें वर्षांच्या इतिहासांत शोधणें बरें. कारण हीं मंडळें कशासाठीं जन्मलीं आणि पुढें लोक त्यांत कशासाठीं शिरूं लागले, या दोन गोष्टींत कालांतरानें पुष्कळ अंतर पडलें आहे.

या परंपरेचा आरंभ ५ डिसेंबर १७७६ रोजीं व्हर्जिनियांतील विल्यम्सबर्ग येथें झाला. अमेरिकेनें स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढल्याला तेव्हां सहा महिनेहि लोटले नव्हते. तेथील 'विल्यम अँड मेरी' महाविद्यालयांतील पांच विद्यार्थ्यांनीं 'फाय बीटा कॅपा' नांवाचें मंडळ स्थापन केलें. ज्ञानावरील प्रेम हें जीवनाचें सुकाणूं होय, अशा अर्थाच्या ग्रीक वाक्याचीं हीं तीन आद्याक्षरें. गुप्ततेची शपथ, हस्तांदोलनाची खास खूण, बिल्ला, ब्रीदवाक्य हा जो साज पुढील सर्व मंडळांनीं उचलला तो येथेंच तयार झाला. परंतु तो केवळ साज होता. मंडळाचें काम निराळें होतें. बैठकींत निबंध वाचले जात, वादविवाद होत, आणि अध्यापकांसमोर जे विषय काढणें अवघड होतें ते तेथें मोकळेपणीं निघत. मनांतलें बोलतां यावें म्हणून दार लावलेलें होतें; कोणाला बाहेर ठेवण्याची हौस हें त्यामागील कारण नव्हतें. १७८१ सालीं युद्ध विल्यम्सबर्गच्या वेशीशीं आलें आणि मूळ मंडळ बंद पडलें. पण येल व हार्वर्ड येथें शाखा काढण्याच्या सनदा आधींच दिल्या गेल्या होत्या, म्हणून परंपरा जगली.

पुढें या मंडळाला आपला साज उतरवून ठेवण्याची पाळी आली. १८२६ सालीं न्यूयॉर्क राज्यांत फ्रीमेसन पंथाचीं गुपितें छापण्याच्या तयारींत असलेला विल्यम मॉर्गन नांवाचा मनुष्य एकाएकीं नाहींसा झाला, आणि शपथबद्ध गुप्त मंडळांविरुद्ध देशांत मोठा संताप उसळला. त्या लाटेंत १८३१ सालीं हार्वर्ड शाखेनें गुप्तता टाकून दिली. साज गेला, तरी मंडळ मेलें नाहीं. अभ्यासांत उत्कृष्ट ठरलेल्यांना मान देणारी संस्था म्हणून तें अधिक वाढलें. १८७५ सालीं व्हर्मांट विद्यापीठांतील शाखेनें स्त्रियांनाहि सभासद करून घेतलें. गोव्यांत १९०७ सालीं जन्मलेले आणि पुढें पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत गणित शिकविणारे दामोदर धर्मानंद कोसंबी १९२९ सालीं हार्वर्डची पदवी घेऊन बाहेर पडले, तेव्हां त्यांना याच मंडळाचें सभासदत्व मिळालें होतें. तें मागून किंवा ओळखीनें मिळत नाहीं, अभ्यासावरून दिलें जातें. ज्या मंडळांविषयीं येथें विचार करावयाचा आहे त्यांचें मात्र तसें नाहीं. तेथें दोन्ही बाजूंनीं निवड होते, आणि म्हणूनच निवडीच्या हेतूला महत्त्व येतें.

अशा सामाजिक बंधुमंडळांचा वंश न्यूयॉर्क राज्यांतील स्केनेक्टडी गांवच्या युनियन महाविद्यालयांत सुरू झाला. तेथें १८२५ सालीं 'कॅपा आल्फा' आणि १८२७ सालीं 'सिग्मा फाय' व 'डेल्टा फाय' हीं मंडळें निघालीं. त्या काळचें महाविद्यालयीन जीवन कसें होतें हें लक्षांत घेतलें म्हणजे या मंडळांची गरज समजते. सकाळीं सक्तीची प्रार्थना, दिवसभर लॅटिन, ग्रीक व गणित यांचें घोकलेलें पाठांतर म्हणून दाखविणें, आणि अध्यापक म्हणजे शिक्षकापेक्षां पहारेकरीच अधिक, असा तो प्रकार होता. विद्यार्थ्यांच्या वाङ्मयीन सभा होत्या, त्यांचीं ग्रंथालयेंहि होतीं. पण त्या मोठ्या असल्यामुळें मनमोकळ्या मैत्रीला तेथें जागा अपुरी पडे. दहापंधरा जणांनीं एकत्र बसावें, एकमेकांचें लिखाण ऐकावें, अडचणींत एकमेकांच्या पाठीशीं उभें राहावें, एवढीच या लहान मंडळांची मूळ कल्पना होती. युनियन महाविद्यालयांतून ती इतरत्र पसरली. ओहायो राज्यांतील मायामी विद्यापीठांत १८३९, १८४८ व १८५५ सालीं 'बीटा थीटा पाय', 'फाय डेल्टा थीटा' व 'सिग्मा काय' हीं मंडळें स्थापन झालीं आणि त्यांच्या शाखा देशभर निघाल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत विद्यार्थ्यांची संख्या वाढली. त्या मानानें वसतिगृहें वाढलीं नाहींत. मग मंडळांनीं घरें भाड्यानें घेतलीं, पुढें विकत घेतलीं, कांहींनीं टोलेजंग बांधलीं. विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवण्याची सोय परस्पर होत असल्यामुळें कित्येक महाविद्यालयांचाहि त्यांत फायदा होता. परंतु घर आलें म्हणजे कर्ज आलें, कर्जाबरोबर जुन्या श्रीमंत सभासदांची मर्जी आली, आणि घर भरलेलें ठेवण्यासाठीं दरवर्षीं नवे सभासद मिळविण्याची निकड आली. कोणाचें घर मोठें, कोणाची मेजवानी थाटाची, कोणाच्या बिल्ल्याला पुढें नोकरीच्या बाजारांत भाव, अशी स्पर्धा येथून लागली. मित्र मिळावे म्हणून काढलेल्या मंडळांत आतां प्रतिष्ठा मिळावी म्हणून माणसें येऊं लागलीं.

महाविद्यालयांच्या चालकांना हें रुचलें नाहीं आणि कित्येकांनीं बंदीचा मार्ग धरला. इंडियाना राज्यांतील पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष इमर्सन व्हाइट यांनीं असल्या मंडळाशीं संबंध ठेवणार नाहीं अशी लेखी प्रतिज्ञा प्रवेशाच्या वेळीं मागितली. एका विद्यार्थ्यानें ती देण्याचें नाकारलें व प्रकरण कोर्टांत गेलें. १८८२ सालीं त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, केवळ अशा मंडळाचा सभासद आहे म्हणून सार्वजनिक विद्यापीठाला कोणाचा प्रवेश नाकारतां येणार नाहीं. शिस्तीचे योग्य नियम मात्र करतां येतील. पुढील वर्षीं व्हाइट यांनीं अध्यक्षपद सोडलें. बंदीनें हीं मंडळें मरत नाहींत, हा धडा त्या काळच्या अनेक महाविद्यालयांनीं घेतला. चांगल्यावाइटाचा निर्णय त्यामुळें बव्हंशीं आंत शिरणाऱ्या तरुणांवरच येऊन पडला.

स्त्रियांच्या मंडळांची कथा अधिक बोलकी आहे, कारण त्यांच्या बाबतींत उणीव अधिक तीव्र होती. जॉर्जिया राज्यांतील मेकन येथें खास स्त्रियांच्या महाविद्यालयांत १८५१ व १८५२ सालींच दोन मंडळें निघालीं होतीं. पण जेथें मुलगे व मुली एकत्र शिकूं लागल्या तेथें प्रश्न निराळा होता. वर्गांत बोटांवर मोजण्याइतक्या मुली, बाकी सारे पुरुष. अध्यापक साशंक, सहाध्यायी चेष्टेखोर. इलिनॉय राज्यांतील मन्मथ महाविद्यालयांत २८ एप्रिल १८६७ रोजीं बारा विद्यार्थिनींनीं मंडळ काढलें, तेंच पुढें 'पाय बीटा फाय' या नांवानें प्रसिद्ध झालें. इंडियानांतील ग्रीनकॅसल येथें ऍस्बरी विद्यापीठानें १८६७ सालीं स्त्रियांना प्रवेश दिला. तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकीं बेटी लॉक ही एक. तिच्याविषयीं अशी आख्यायिका सांगतात कीं, एका बंधुमंडळानें तिला आपला बिल्ला लावण्यास देऊं केला, पण सभासदत्वाचे हक्क देण्याची तयारी दाखविली नाहीं. तिनें बिल्ला परत केला, आणि २७ जानेवारी १८७० रोजीं तीन मैत्रिणींसह 'कॅपा आल्फा थीटा' हें स्वतंत्र मंडळ स्थापन केलें. आख्यायिकेंतील तपशील कसाहि असो, तिच्यांतील भेद मोलाचा आहे : नुसता बिल्ला मिळणें निराळें आणि बरोबरीची जागा मिळणें निराळें.

या मंडळांना आरंभीं स्वतःचें नांवहि नव्हतें. तींहि स्वतःला 'फ्रॅटर्निटी'च म्हणवीत. 'सोरोरिटी' हा शब्द सिराक्यूज विद्यापीठांतील लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली यांनीं तेथील 'गॅमा फाय बीटा' या १८७४ सालीं निघालेल्या मंडळासाठीं सुचविला. १९०२ सालीं शिकागो येथें अशा मंडळांची संयुक्त परिषद भरली. आज तिच्यांत सव्वीस मंडळें आहेत. आपापल्या घरापलीकडे पाहण्याची दृष्टि कांहीं मंडळांनीं लौकर दाखविली. 'पाय बीटा फाय'नें १९१२ सालीं टेनेसी राज्याच्या डोंगराळ भागांत गॅटलिनबर्ग या त्या वेळच्या आडबाजूच्या खेड्यांत शाळा काढली. मुलांचें शिक्षण, आजाऱ्यांची शुश्रूषा आणि स्थानिक विणकामाचें पुनरुज्जीवन हीं कामें तेथें वर्षानुवर्षें चाललीं, आणि त्या शाळेच्या जागीं आज हस्तकलांचें एक नांवाजलेलें विद्यालय उभें आहे.

कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना तर गोऱ्यांच्या मंडळांचीं दारें साफ बंद होतीं. न्यूयॉर्क राज्यांतील कॉर्नेल विद्यापीठांत विसाव्या शतकाच्या आरंभीं जे थोडे कृष्णवर्णीय विद्यार्थी आले त्यांपैकीं कित्येक एका वर्षानंतर परत फिरलेच नाहींत. राहावयास जागा नाहीं, बरोबर अभ्यास करावयास कोणी नाहीं, जुन्या टिपणांची देवघेव नाहीं. अशा स्थितींत बुद्धि असूनहि टिकाव लागणें कठीण होतें. ४ डिसेंबर १९०६ रोजीं सात विद्यार्थ्यांनीं 'आल्फा फाय आल्फा' हें मंडळ काढलें तें या एकाकीपणावर उपाय म्हणून. मार्टिन ल्यूथर किंग बोस्टन येथें शिकत असतांना १९५२ सालीं याच मंडळाचे सभासद झाले. त्यांचें जें स्मारक वॉशिंग्टन शहरांत २०११ सालीं खुलें झालें त्याची कल्पनाहि याच मंडळानें मांडली होती.

वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठांत १९०८ सालीं 'आल्फा कॅपा आल्फा' हें कृष्णवर्णीय स्त्रियांचें पहिलें ग्रीक-अक्षरी मंडळ निघालें. चारपांच वर्षांतच त्यांतील कांहीं सभासदांना वाटूं लागलें कीं, मंडळानें सार्वजनिक प्रश्नांत अधिक उघडपणें उतरावें. मतभेद मिटला नाहीं, तेव्हां १३ जानेवारी १९१३ रोजीं बावीस विद्यार्थिनींनीं 'डेल्टा सिग्मा थीटा' हें नवें मंडळ स्थापन केलें. दोन महिनेहि झाले नाहींत तोंच, ३ मार्च १९१३ रोजीं, स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून राजधानींत निघालेल्या प्रचंड मिरवणुकींत त्या चालल्या. मिरवणुकींतहि कृष्णवर्णीय स्त्रियांनीं मागें राहावें असा आग्रह धरणारे लोक होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या पावलाची किंमत कळते. मूळ मंडळहि स्वस्थ बसलें नाहीं. १९३५ पासून १९४२ पर्यंत 'आल्फा कॅपा आल्फा'च्या डॉक्टर, परिचारिका व शिक्षिका उन्हाळ्याच्या सुटींत मिसिसिपी राज्यांतील गरीब कृष्णवर्णीय शेतमजुरांसाठीं दवाखाना चालवीत. मळेवाले मजुरांना दवाखान्यापर्यंत येऊं देईनात, तेव्हां या स्त्रियांनीं आपल्या मोटारींतच दवाखाना भरून तो मळ्यांवर नेला. देवी व घटसर्प यांच्या लसी हजारों मुलांना टोंचल्या गेल्या. एका मंडळांतून दोन झालीं आणि दोघांनींहि काम केलें. याचें कारण फाटाफूट झाली ती मानासाठीं नव्हे, काय करावें या प्रश्नावर झाली.

एवढें सांगून थांबलें तर चित्र अपुरें राहील. याच मंडळांच्या इतिहासांत दोन काळीं प्रकरणें आहेत, आणि निवड करणाऱ्यानें तीं आधीं वाचावयास हवींत.

पहिलें प्रकरण वगळण्याचें. कित्येक मंडळांच्या घटनेंत अमुक वंशाचा किंवा अमुक धर्माचाच सभासद घ्यावा अशीं कलमें होतीं; जेथें लेखी कलम नव्हतें तेथें रूढि तेंच काम करी. ज्यू विद्यार्थ्यांना आपलीं निराळीं मंडळें काढावीं लागलीं तीं यामुळेंच. १९४८ सालीं ऍमहर्स्ट महाविद्यालयांतील 'फाय कॅपा साय'च्या शाखेनें एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला सभासद करून घेण्याचें ठरविलें, तेव्हां मध्यवर्ती संस्थेनें त्या शाखेलाच दूर केलें. शाखेतील तरुणांनीं मात्र आपला मित्र सोडला नाहीं. नांव बदलून त्यांनीं स्थानिक मंडळ चालविलें. हा भूतकाळ झाला असें म्हणावें, तर २०१३ सालीं अलाबामा विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रानें उघडकीस आणलें कीं, उत्तम गुण व उत्तम शिफारसी असलेल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थिनीला तेथील गोऱ्या भगिनीमंडळांनीं नाकारलें होतें. आंतील कांहीं तरुण सभासदांना ती हवी होती. जुन्या सभासदांचा विरोध आड आला. गवगवा झाल्यावर विद्यापीठानें प्रवेशाची प्रक्रिया पुन्हां उघडली आणि ती भिंत थोडीफार ढासळली. दोन्ही प्रसंगांत सारखा प्रश्न होता : शाखेंतील मुलांचा शब्द अखेरचा कीं दूर बसलेल्या वडीलधाऱ्यांचा?

दुसरें प्रकरण छळाचें. नव्या उमेदवाराची निष्ठा पारखावयाची या नांवाखालीं त्याची विटंबना करणें, त्याला जागरणें घडविणें, मद्य पाजणें हे प्रकार फार जुने आहेत. १८७३ सालीं कॉर्नेल येथें एका मंडळाच्या दीक्षेच्या रात्रीं डोळे बांधून नेलेला विद्यार्थी कड्यावरून पडून मरण पावला. १८७३ नंतर जवळजवळ दीडशें वर्षांनीं, फेब्रुवारी २०१७ मध्यें, पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठांत एका उमेदवाराला भरमसाट मद्य पाजण्यांत आलें. तो जिन्यावरून कोसळला, आणि त्याच्या भोवतीं वावरणाऱ्या 'बंधूं'नीं मदत बोलावण्यास सुमारें बारा तास लावले. तो वांचला नाहीं. त्या राज्यानें २०१८ सालीं कडक कायदा केला, आणि डिसेंबर २०२४ मध्यें अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारच्या कायद्यानें अशा छळाच्या घटनांची माहिती प्रसिद्ध करणें महाविद्यालयांवर बंधनकारक झालें. ज्या मंडळाविषयीं उमेदवाराला कुतूहल आहे त्याचा पूर्वेतिहास त्यामुळें आतां पाहतां येतो. हीं पानें न पाहतां सही करणें म्हणजे विहिरींत न डोकावतां उडी मारणें होय.

आतां प्रत्यक्ष निवड कशी होते तें पाहूं जातां, तिच्यांतच घाई भरलेली दिसते. या प्रक्रियेला इंग्रजींत 'रश' म्हणत आले आहेत. मंडळांमंडळांतील चढाओढीमुळें सभासद गांठण्याचा काळ अलीकडे अलीकडे येत गेला. जें निमंत्रण पूर्वीं वरच्या वर्गांतील विद्यार्थ्याला मिळे तें नुकत्याच आलेल्या नवख्याच्या हातीं पडूं लागलें. मोठ्या विद्यापीठांत भगिनीमंडळांची निवड आठवड्याभराची असते. उमेदवार मुली गटागटानें प्रत्येक घरीं जातात, थोडा थोडा वेळ बोलतात, गाणीं व भाषणें ऐकतात. मग दोन्ही बाजू आपापली पसंती क्रमानें कळवितात, घरांची संख्या कमी होत जाते, आणि अखेर उमेदवार लेखी संमतीवर सही करते. या संमतीनंतर आलेलें निमंत्रण नाकारलें तर त्याच विद्यापीठांत परिषदेच्या दुसऱ्या मंडळांत जाण्यास तिला पुढील वर्षाच्या मुख्य निवडीपर्यंत थांबावें लागतें. एक नियम मात्र सुजाण आहे : उमेदवारांना मार्गदर्शन करणाऱ्या वडील विद्यार्थिनी त्या आठवड्यांत आपलें मंडळ कोणतें हें सांगत नाहींत, म्हणजे सल्ला निःपक्ष राहतो.

या पद्धतीचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञांनींहि केला आहे. सूझन मॉन्जेल व ऍल्विन रॉथ यांनीं १९९१ सालीं त्यावर निबंध प्रसिद्ध केला. पुढें २०१२ सालीं रॉथ यांना अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांना असें आढळलें कीं, पसंतीची पूर्ण यादी देण्याची मुभा असतांहि पुष्कळ मुली अखेरच्या कागदावर एकाच मंडळाचें नांव लिहीत. याचा बोध वर्तनापुरता घ्यावयाचा तर असा कीं, उमेदवार खरी आवड सांगण्याऐवजीं डाव खेळूं लागतो. अमुक घर मिळालें तरच मी, नाहीं तर कोणतेंच नको, या हट्टाच्या मुळाशीं आवड आहे कीं प्रतिष्ठा, हें त्या मुलीनें स्वतःलाच विचारावें. ज्या घरांतील एकीशींहि अर्ध्या तासापलीकडे बोलणें झालेलें नाहीं त्या घरावर जीव जडण्याचें दुसरें कारण तरी काय असणार?

म्हणून योग्य कारणें कोणतीं, याचें उत्तर संस्थापकांच्या वागण्यांतच सांपडतें. विल्यम्सबर्गच्या विद्यार्थ्यांना मोकळें बोलावयाचें होतें, बेटी लॉकला बरोबरीची जागा हवी होती, कॉर्नेलच्या सात जणांना अभ्यासांत टिकावयाचें होतें. प्रत्येकाला आपली उणीव ठाऊक होती. उमेदवारानेंहि आधीं आपली उणीव ओळखावी. अभ्यासाला सोबत हवी आहे, परक्या गांवीं घरपण हवें आहे, सार्वजनिक कामाची ओढ आहे. यांपैकीं कांहींहि असलें तरी तें खरें कारण आहे. मैत्रीण जाते म्हणून, आई त्याच मंडळांत होती म्हणून, किंवा न गेल्यास लोक काय म्हणतील म्हणून जाणें हीं उसनीं कारणें. सभासदांच्या मुलींना व बहिणींना अग्रहक्क देण्याची चाल २०२० नंतर अनेक भगिनीमंडळांनीं सोडून दिली; वारशानें आलेली निवड खरी नव्हे, हें त्यांनाहि पटलें असावें.

उणीव कळल्यावर मंडळाची पारख करावी. वर्गणी किती, घरांत राहण्याची सक्ती आहे काय, आणि मध्येंच सोडल्यास काय द्यावें लागतें, हें कागदावर पाहून घ्यावें. सभासदांचा अभ्यास कसा आहे हें विचारावें. दानधर्म करतों असें सर्वच मंडळें सांगतात. गेल्या वर्षीं प्रत्यक्ष कोणतें काम झालें आणि त्यांत स्वतः कोण राबलें हें विचारलें म्हणजे मिसिसिपीच्या मळ्यावर जाणाऱ्या आणि नुसती पावती फाडणाऱ्या मंडळांतील भेद कळतो. कृष्णवर्णीयांच्या मंडळांत या पारखीला स्वाभाविक अवसर मिळतो. तेथें नवख्यांची आठवड्याभराची झुंबड नसते. इच्छुकानें आधीं कांहीं काळ मंडळाचे कार्यक्रम पाहावे, अभ्यासांत समाधानकारक गुण मिळवावे, अशी अपेक्षा असते, आणि पदवीनंतरहि सभासद शाखांतून काम करीत राहतात.

भारतीय वंशाच्या मुलांपुढें आणखी एक वाट १९९० नंतरच्या दशकांत उघडली. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील आवारांत १९९८ सालीं 'डेल्टा एप्सिलॉन साय' हें बंधुमंडळ व 'कॅपा फाय गॅमा' हें भगिनीमंडळ दक्षिण आशियाई विद्यार्थ्यांसाठीं निघालें, आणि तशीं मंडळें नंतर अनेक ठिकाणीं पसरलीं. ज्या मुलीला घरची भाषा आणि घरचे सण यांची ओढ आहे तिला तेथें उब मिळते, आणि ती ओढ हें चांगलें कारण आहे. मात्र इतरांना भिऊन आपल्यांतच दडावयाचें म्हणून तीं निवडूं नयेत. आणि आपण मागासलेले दिसूं या लाजेनें तीं टाळूंहि नयेत. नांव आपलें म्हणून छळ सौम्य होतो असेंहि नाहीं. पारख सर्वांना एकच लावावी.

न जाण्याचाहि एक मार्ग आहे, आणि तो कमीपणाचा नव्हे. अमेरिकेंतील बहुसंख्य विद्यार्थी कोणत्याहि ग्रीक अक्षरांवांचून पदवी घेतात. ग्रंथालय, क्रीडांगण, वादविवाद, नाट्य, वसतिगृहांतील शेजार यांतून त्यांना जन्माचे मित्र मिळतात. निमंत्रण आलें नाहीं म्हणून रडणाऱ्या मुलीला दूरध्वनीवरून धीर देण्याचा प्रसंग ज्या आईवर येतो तिनें एवढें अवश्य सांगावें कीं, थोड्या मिनिटांच्या संभाषणावरून झालेला तो निर्णय आहे, तिच्या योग्यतेचा निवाडा नव्हे. आणि निमंत्रण आलें असेल, तर सर्वांत नांवाजलेलें घर कोणतें हें न विचारतां एवढेंच विचारावें कीं, परीक्षेच्या दिवसांत ताप आला तर त्या घरांतील कोण रात्रभर उशाशीं बसेल? नांव सुचलें तर सही करण्यास हरकत नाहीं. नांव सुचेना, तर आणखी एक सत्र थांबावें. मंडळें अडीचशें वर्षें टिकलीं आहेत, तीं पुढील सत्रांतहि तेथेंच असतील.